तूप, गोळी आणि दिरांचा व्हिडिओ

*माझे मिस्टर ५१ वर्षांचे. सासरे ५६व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. पावसाळ्यात ऑफिसच्या तपासणीत मिस्टरांचं एलडीएल १७४ निघालं, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २१०. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी सुरू केली. दिवाळीला दीर पुण्याहून आले आणि त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. तुपाचा आणि हार्ट अटॅकचा संबंध नाही हे विज्ञानानंच मान्य केलंय, कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांचं थोतांड आहे, असं त्यात सांगितलंय. तेव्हापासून गोळी बंद. सकाळच्या कॉफीत पोह्याच्या चमच्यानं दोन चमचे तूप, जेवणात आणखी दोन. मुलगी फार्मसीला आहे. ती म्हणते तूप म्हणजे विष, आणि तिनं बरणीच लपवली. तूप सासूबाई घरी कढवतात. त्या रुसल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. मी सगळ्यांच्या मध्ये. खरं कोण बोलतंय?*
*— तुपाच्या बरणीत अडकलेली, कोल्हापूर*

ताई,

तुमच्या घरात एक नाही, दोन भांडणं चालली आहेत. ती एकत्र कालवली गेल्यामुळे कुणालाच कुणाचं पटत नाही. तूप किती खावं, हे एक. मिस्टरांच्या रक्तातलं १७४ एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, धोक्याचं आहे का, हे दुसरं. पहिल्यावर शास्त्रज्ञ सत्तर वर्षं हमरीतुमरीवर येतायत. दुसऱ्यावर आता तसं भांडण उरलेलं नाही. दिरांनी पहिल्या खटल्यातले कागद दुसऱ्या खटल्यात दाखल केले आणि मिस्टरांनी निकाल आपल्या बाजूनं लावून घेतला.

म्हणून आधी गोळीचं सांगते. ती परस्पर बंद करायला नको होती. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा, किती दिवस बंद आहे ते न लपवता सांगा आणि ते म्हणतील तसं करा. मी डॉक्टर नाही. तीस वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं, एवढाच माझा अधिकार. पण वडील ५६व्या वर्षी गेलेले, स्वतःचं एलडीएल १७४ आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३६ असलेल्या माणसानं व्हिडिओ बघून गोळी सोडावी, याला मी धाडस म्हणणार नाही. दुसरा शब्द आहे, पण तो सदरात छापत नाहीत.

आता तुपाकडे येऊ. दिरांचा व्हिडिओ सगळाच खोटा नाही, आणि म्हणूनच तो पटतो.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले मध्यमवयीन पुरुष धडाधड हृदयविकारानं जात होते. १९५५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना झटका आला आणि हा विषय घराघरांत पोचला. मिनेसोटा विद्यापीठातले अॅन्सेल कीज यांनी त्याआधीच, १९५३ मध्ये, सहा देशांचा एक आलेख छापला होता. आहारात जितकी चरबी जास्त तितके हृदयविकाराचे मृत्यू जास्त, अशी सरळ चढती रेघ. १९५७ मध्ये येरुशाल्मी आणि हिलबो या दोघांनी विचारलं, आकडे २२ देशांचे मिळत असताना सहाच का घेतले? सगळे देश घातले की ती रेघ बरीच विस्कटते. व्हिडिओत हा किस्सा असणारच. पूर्ण पुसली जाते असं मात्र नाही, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत.

कीज हट्टी माणूस. त्यांनी १९५८ मध्ये सात देशांत सुमारे १२,७०० पुरुषांचा अभ्यास सुरू केला. पूर्व फिनलंडमध्ये हृदयविकार सर्वाधिक, ग्रीसच्या क्रीट बेटावर सर्वात कमी. गंमत अशी की क्रीटचे लोक काही कोरडं खात नव्हते. त्यांच्या जेवणात भरपूर चरबी होती, पण ती ऑलिव्हच्या तेलाची. फिनलंडमध्ये लोणी आणि सायीचं दूध. म्हणजे चरबी किती यापेक्षा कोणती, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता. साध्या तापमानाला थिजते ती बहुतेक सॅच्युरेटेड, म्हणजे संपृक्त चरबी. तूप, लोणी, मटणाची चरबी, थंडीत बाटलीत गोठणारं खोबरेल. वाद आहे तो हिच्यावर.

पण देशादेशांची तुलना हा पुरावा नव्हे. देश बदलला की जेवणाबरोबर सिगारेट, कष्ट, दवाखाने, पगार सगळंच बदलतं. दिरांसारख्या मंडळींना हे कीजच्या बाबतीत लख्ख दिसतं. मात्र आपल्याकडचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांचा तक्ता तीच मंडळी डोक्यावर घेऊन नाचतात. मल्होत्रा मुंबईत पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय विभागात होते. १९६७ मध्ये त्यांनी देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांची नोंद छापली. उत्तरेतले लोक दूध-तूप दक्षिणेपेक्षा कितीतरी पट जास्त खात, तरी हृदयविकाराचे मृत्यू दक्षिणेत सुमारे सातपट. मोठा अभ्यास, कष्टाचं काम. पण तोही प्रदेशाशी प्रदेश तोलणाराच. कीजचा तराजू खोटा म्हणायचा तर मल्होत्रांचाही बाजूला ठेवायला हवा. एक आपल्या बाजूचा म्हणून खरा, असं चालत नाही.

मग खरा पुरावा कोणता? माणसांचे दोन गट करायचे, एकाचा आहार बदलायचा आणि वर्षानुवर्षं बघायचं. असे प्रयोग झाले. दिरांचा सगळ्यात बळकट मुद्दा इथेच आहे, म्हणून जरा थांबते.

मिनेसोटातच १९६८ ते १९७३ या काळात मनोरुग्णालयांत आणि एका वृद्धाश्रमात नऊ हजारांवर लोकांवर प्रयोग झाला. एका गटाच्या जेवणातली जनावरांची चरबी काढून मक्याचं तेल घातलं. कोलेस्टेरॉल चांगलं उतरलं. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. याचा निकाल छापायलाच १९८९ उजाडलं, आणि उरलेली कागदपत्रं पुढे मुख्य संशोधकाच्या घराच्या तळघरातून त्यांच्या मुलानं बाहेर काढली. ती धरून २०१६ मध्ये नव्यानं विश्लेषण छापून आलं तेव्हा केवढा गदारोळ! दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियात, सिडनीला. नुकताच झटका येऊन गेलेले ४५८ पुरुष. एका गटाला चक्क करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन, म्हणजे लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल. आपल्याकडे हृदयरोग्याला करडईचं तेल सांगायची जुनी रीत आहे, म्हणून हे वाचताना मी दचकले होते. करडईच्या गटात १७.६ टक्के माणसं गेली, दुसऱ्या गटात ११.८.

हे आकडे खरे आहेत. ते दडपून तुपाला विष म्हणणं हाही अप्रामाणिकपणाच, हे मुलीला जरूर सांगा. मात्र दुसरी बाजूही बघा. मिनेसोटात माणसं सारखी दाखल होत, घरी जात. त्या आहारावर वर्षभर तरी राहिलेले निघाले २,३५५. धमन्या तुंबायला दशकं लागतात, तिथे काही महिन्यांच्या जेवणानं काय कळणार? आणि त्या काळचं मार्गारिन म्हणजे तेल अर्धवट घट्ट केलेलं. त्यात ट्रान्स फॅट असणार, आणि ते तुपाहूनही वाईट, यावर आता दोन्ही बाजूंचं एकमत आहे. तुमच्या-माझ्या लहानपणी स्वस्त म्हणून घराघरांत आलेला डालडा आठवतो ना? तोच प्रकार. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली ती जानेवारी २०२२ पासून. फार उशिरा, पण घातली.

बरे-वाईट असे सगळे प्रयोग एकत्र घेऊन कॉक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये हिशोब मांडला. १५ प्रयोग, पन्नास हजारांहून जास्त माणसं. निदान दोन वर्षं संपृक्त चरबी कमी ठेवली तर हृदय-रक्तवाहिन्यांचे झटके सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतात, पण एकूण मृत्यूंत तेवढ्या काळात फारसा फरक दिसत नाही. थोडक्यात, उपयोग आहे, चमत्कार नाही. असा निकाल कुणी व्हिडिओत सांगत नाही, कारण त्यावर कुणी चिडत नाही.

मग २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या साप्ताहिकानं मुखपृष्ठावर लोण्याचा गोळा छापून 'लोणी खा' का म्हटलं? २०१० आणि २०१४ मध्ये दोन मोठी विश्लेषणं आली होती. पहिल्यात २१ अभ्यास, साडेतीन लाखांच्या आसपास माणसं. संपृक्त चरबी जास्त खाणारे आणि कमी खाणारे यांच्यात हृदयविकाराचा लक्षणीय फरक नाही, असा निष्कर्ष. दिरांचं 'विज्ञानानं मान्य केलंय' इथून येतं.

आता या सगळ्या वादातली किल्ली सांगते. लोणी कमी खाणारा माणूस उपाशी राहत नाही. त्या जागी तो काहीतरी खातोच. अमेरिकेत त्या जागी आला मैद्याचा पाव, साखर घातलेलं सीरियल, 'लो फॅट' लिहिलेली बिस्किटं. एक खड्डा बुजवायला दुसरा खणला. मग लोणी खाणारा आणि बिस्किटं खाणारा दोघे सारखेच आजारी पडले, आणि लोणी निर्दोष सुटलं! २०१५ मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी सव्वा लाख परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या २४ ते ३० वर्षांच्या नोंदी घेऊन नेमकं हेच तपासलं. रोजच्या उष्मांकांपैकी ५ टक्के संपृक्त चरबीतून काढून त्या जागी करडई, सूर्यफूल, अक्रोड यांतली बहु-असंपृक्त चरबी आली, तर धोका २५ टक्क्यांनी कमी. त्या जागी अख्खं धान्य आलं तर ९ टक्क्यांनी. मैदा आणि साखर आली तर काही फरक नाही. शून्य.

मुलीनं तुपाची बरणी लपवली खरी, पण त्या दिवशी मिस्टरांनी काय खाल्लं? खारी-बटर? चहाबरोबर टोस्ट? संध्याकाळी फरसाण? फरसाण बहुतेक वेळा पाम तेलात तळलेलं असतं आणि पाम तेलाची निम्मी चरबी संपृक्तच. मग बरणी लपवून मिळवलं काय?

आणि पैशाचं राजकारण म्हणाल तर ते दोन्हीकडे आहे. साखर उद्योगानं १९६० च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन एक लेख लिहवून घेतला. साखरेकडचं बोट चरबीकडे वळवायचं, हा हेतू. १९६७ मध्ये तो नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि भांडं फुटलं २०१६ मध्ये. दुसरीकडे २०१० च्या त्या विश्लेषणाला अमेरिकी दुग्धउद्योगाचा पैसा होता, आणि तो त्यांनी लपवलेला नव्हता. फक्त औषध कंपन्यांकडे बोट दाखवणाऱ्या दिरांना एवढंच विचारा, की तो व्हिडिओवाला खाली कुठलं तूप विकतोय?

आता दुसरं भांडण, एलडीएलचं. इथे तुपाचं नाव काढायची गरजच नाही. ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं ते यासाठी: यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून उचलून घेणाऱ्या जागा असतात. ज्यांच्यात त्या जन्मतः बिघडलेल्या, त्यांचं एलडीएल प्रचंड वाढतं, आणि दोन्ही पालकांकडून दोष आला तर मुलांना शाळकरी वयात झटके येतात. उलट काहींच्या एका जनुकात असा बदल असतो की एलडीएल जन्मापासूनच कमी. अमेरिकेतल्या एका अभ्यासात असा बदल असलेल्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. त्यांनी ना पथ्य केलं, ना गोळी घेतली. औषध कंपन्यांना जनुकं फितवता येत नाहीत. म्हणून संपृक्त चरबीचा वाद उद्या तुपाच्या बाजूनं सुटला तरी १७४ हा आकडा काही निरुपद्रवी होत नाही. शिवाय संपृक्त चरबी जास्त झाली की यकृतावरच्या त्या जागा मंदावतात आणि एलडीएल वाढतं. यावर तर तुपाच्या बाजूचे शास्त्रज्ञही भांडत नाहीत.

मिस्टरांच्या रिपोर्टात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे तुमच्या घरात कुणाचंच लक्ष नाही. एचडीएल ३६, म्हणजे कमी, आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, २१०, म्हणजे जास्त. ही जोडी आपल्या लोकांची खास. तिच्यामागे तुपापेक्षा भात, साखर, मैदा, सुटलेलं पोट, बसून काम आणि असेल तर दारू, यांचा हात मोठा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघेही सडपातळ! दक्षिण आशियात पहिला झटका येण्याचं वय सरासरी ५३, इतर देशांत ५९ च्या जवळ. मिस्टर ५१ चे आहेत. मी घाबरवत नाही, फक्त वजाबाकी करतेय.

तर ताट कसं असावं? जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस म्हणजे संपृक्त चरबी एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला साधारण २२ ग्रॅम. पोह्याच्या एका चमच्यात तूप बारा-तेरा ग्रॅम, त्यातली आठेक ग्रॅम संपृक्त. मिस्टरांचे चार चमचे म्हणजे तुपातूनच तीस ग्रॅमच्या वर. त्यात तुमचं कोल्हापूर. म्हशीच्या धारोष्ण दुधाचा एक पेला म्हणजे आणखी आठ ग्रॅम, तो कुणी मोजत नाही. रविवारच्या मटणाबद्दल मी मुद्दाम बोलत नाही.

कॉफीतलं तूप आधी बंद. ती काही आपली परंपरा नव्हे, ते परदेशी खूळ आहे, सासूबाईंनाही ते पटेल. जेवणात चहाच्या चमच्यानं एक, फार तर दोन चमचे राहू द्या. वरण-भातावर मीही घेते. चहाचा एक चमचा म्हणजे तीन ग्रॅम संपृक्त, हिशोबात बसतं. पण तूप काढलं त्या जागी तिसरी भाकरी नको. मूठभर शेंगदाणे, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, उसळ. फोडणीला शेंगदाणा, तीळ, करडई आलटून पालटून, आणि तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही. मुलीनं आणलेलं रिफाइंड तेल विष नाही, अमृतही नाही. दूध साय काढून, दही घरचं. कोकणातली माणसं खोबरेलाचं विचारतात म्हणून सांगून टाकते. त्यानंही एलडीएल वाढतं, इतर तेलांपेक्षा सरासरी दहाएक अंकांनी. ओलं खोबरं चटणीपुरतं ठीक.

एवढं करून एलडीएल किती उतरेल? नेटानं केलं तर दहा-पंधरा टक्के. गोळीनं तीस ते पन्नास. पथ्य ट्रायग्लिसराइडसाठी, पोटासाठी, सगळ्यासाठी हवंच, पण १७४ ला एकटं पथ्य पुरेल असं मला वाटत नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्या. गोळीनं अंग दुखत होतं का, म्हणून तर सोडली नाही ना, हे मात्र मिस्टरांना एकांतात विचारा. पुष्कळदा खरं कारण ते असतं, व्हिडिओ निमित्त. तसं असेल तर मात्रा किंवा गोळी बदलता येते. आणि लायपोप्रोटीन-ए नावाची तपासणी एकदा करून घ्यायची का, तेही विचारा. ते आनुवंशिक असतं. घरात लवकर गेलेला माणूस असला की कळलेलं बरं.

राहता राहिल्या सासूबाई. ताई, पत्रात तुम्ही दोन वाक्यं एकमेकांपासून दूर लिहिली आहेत. सासरे ५६व्या वर्षी गेले, आणि तूप सासूबाई कढवतात. ती शेजारी ठेवून वाचा. नात म्हणाली 'तूप म्हणजे विष', तेव्हा त्या माउलीला काय ऐकू आलं असेल? तीस-पस्तीस वर्षं नवऱ्याच्या पानात आपण स्वतःच्या हातानं काय वाढलं, हेच ना? त्या रुसल्या नाहीत, हादरल्या. मुलीला हे समजावा, ती हुशार आहे. आणि सासूबाईंना सांगा की सासऱ्यांना तुपानं नेलं असं कुठलाही शास्त्रज्ञ छातीठोक म्हणणार नाही. तंबाखू होती का, बीपी होतं का, त्या काळी कोणी तपासलं होतं का? एका माणसाच्या मृत्यूचं खापर एका पदार्थावर फुटत नाही. पूर्व फिनलंडमध्ये १९७२ पासून लोकांनी लोणी कमी केलं आणि चार दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले, पण सिगारेट आणि रक्तदाबही त्यांनी सोबतच आवरला होता. श्रेय वाटून द्यावं लागतं, तसा दोषही.

दिरांशी वाद घालू नका. त्यांचं स्वतःचं लिपिड प्रोफाइल कधी केलंय, एवढं विचारा. वडील त्यांचेही तेच होते.

गोळी सुरू झाली की डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा सहा ते आठ आठवड्यांनी, पुन्हा रक्त तपासा आणि मला आकडे कळवा. मध्ये संक्रांत येईल. गुळपोळीवर तूप सासूबाईंनाच वाढू द्या. पळी मात्र आदल्या रात्री कुठेतरी ठेवून द्या आणि चहाचा चमचा पुढे करा.